एलईडी वॉल की प्रोजेक्टर: मंडळाच्या देखाव्यासाठी काय घ्यावं?

यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला बसतायत. आषाढी झाली की मंडळांच्या बैठका सुरू होतात आणि हल्ली त्यात एक विषय हमखास निघतो. हलत्या पुतळ्यांचा देखावा बास, यंदा डिजिटल करू. ठीक. पण मग मूर्तीमागे एलईडी वॉल उभी करायची, की प्रोजेक्टर लावून मॅपिंग करायचं, म्हणजे कमानी-भिंतींच्या आकारात चित्र नेमकं बसवायचं?

आमचं मंडळ सोलापूरच्या पूर्व भागातलं, गल्लीतलं. रस्ता जेमतेम वीस फुटी. आम्ही २०२३ ला वॉल लावली, २०२४ आणि २०२५ ला प्रोजेक्टर. तीन वर्षांचा अनुभव म्हणजे काही शास्त्र नव्हे, आणि चौक बदलला की हिशेब बदलतो. तरी जे बघितलं ते सांगतो.

वॉलचं कौतुक आधी करायला हवं, कारण ते खरं आहे. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. २०२३ ला गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि तिसऱ्याच संध्याकाळी आभाळ फुटलं. मंडपाच्या पडद्यातून पाणी आत येत होतं, पोरं सतरंज्या गुंडाळत होती, पण बाहेर लावायच्या बनावटीची ती वॉल निवांत चालू होती. दिवसा रक्तदान शिबिर झालं तेव्हा तिच्यावर माहितीपट दाखवला, भर दुपारी, स्वच्छ दिसत होता. लावायला माणसं आली, दोन-अडीच तासांत पॅनेल एकमेकांत अडकवून मोकळी झाली. त्यानंतर दहा दिवस आम्ही फक्त पेन ड्राइव्ह घालायचो. डोक्याला ताप नाही, आणि मंडळाच्या कामात ही मोठी गोष्ट असते. ज्यांनी रात्री अकरा वाजता वायरी शोधल्यात त्यांना कळेल.

पिचचा, म्हणजे वॉलवरच्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराचा, प्रश्न मात्र गल्लीत येतोच. ठोकताळा असा की जितक्या मिलिमीटरचा पिच, तितके मीटर तरी माणूस लांब हवा. आमच्याकडे पी-४, म्हणजे चार मिलिमीटर पिचची, आली होती, म्हणजे तेरा-चौदा फूट. दर्शनाची रांग वॉलपासून सहा फुटांवरून जायची. लहान मुलांना चित्र न दिसता ठिपके दिसत होते. बारीक पिचची मागितली असती तर भाडं वाढलं असतं, पण हा प्रश्न पैशाने सुटणारा होता. म्हणून त्यावर मी अडून बसणार नाही.

मी अडलो ते वेगळ्याच गोष्टीवर.

दुसऱ्या दिवशी रात्री आरतीनंतर शेजारच्या अव्वा आल्या. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर विड्या वळलेल्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दरवर्षी दहाही दिवस येतात. समोर उभ्या राहिल्या, हात जोडले, मग डोळ्यांवर आडवा हात धरून बारीक बघायला लागल्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "देव कुठं हाय बाळा? नुसता उजेड दिसायलाय."

मी त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिलं, आणि खरंच, मूर्ती काळी होती. मुकुटाची कड, सोंडेची कड आणि मधे गडद सावली. दोन दिवस आम्ही सगळे व्हिडिओकडेच बघत होतो, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग मोबाइलमधले फोटो काढून बघितले. एकाही फोटोत बाप्पाचा चेहरा नाही. मागे झगमगता देखावा, पुढे काळी आकृती. लोक ते फोटो घरी पाठवत होते.

कारण साधं आहे. बाहेर वापरायच्या पॅनेलचा उजेड साधारण पाच हजार निट्सपर्यंत (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) जातो, घरच्या टीव्हीचा तीनशे ते पाचशे. इतका उजेड थेट डोळ्यांत आला की बाहुली आकसते आणि त्याच्या पुढ्यातलं सगळं अंधारात जातं. मोबाइलचा कॅमेराही तेच करतो, उजळ भागाचा हिशेब धरतो. मूर्तीवर आपण लावलेला उजेड त्यापुढे काहीच नसतो.

उपाय केले नाहीत असं नाही. आधी वॉलचा उजेड कमी करायला लावला. तो अगदी दहा-पंधरा टक्क्यांवर आणला तेव्हा चेहरा थोडा दिसू लागला, पण तितक्या खाली आणलं की गडद रंगांच्या छटा मरतात. चित्रातल्या रात्रीच्या आभाळाचे जाड जाड पट्टे दिसायला लागले. मग मूर्तीवर दोन्ही बाजूंनी मोठे फोकस टाकले. चेहरा उजळला, पण पीतांबराचा रंग उडाल्यासारखा पांढुरका, डोळ्यांवर चमक, आणि त्या उष्णतेत संध्याकाळचा हार नऊ वाजता माना टाकायचा. वॉल बाजूला सरकवून बघितली. लोक देखावा बघायला वळले की देवाकडे पाठ व्हायची, आणि वळणावरच रांग तुंबायची. शेवटी व्हिडिओच्या मधोमध मूर्तीमागे काळा लंबगोल टाकला. त्यातल्या त्यात तो बरा, पण वॉलचा मधला भागच काळा करायचा तर एवढी वॉल घेतली कशाला, हा प्रश्न बैठकीत कुणीतरी विचारला आणि कुणाकडेच उत्तर नव्हतं.

भाड्याने देणारे म्हणत होते, "मालक, एवढी ब्राइट वॉल पूर्ण भागात कुणाकडं नाय." बरोबर होतं त्यांचं. तेच नडत होतं.

२०२४ ला प्रोजेक्टर घेतला. देखाव्याचा विषय मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल: मे १९३० मधलं सोलापूर आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. मूर्तीभोवती प्लायवूडची कमान केली, दोन बाजूंना दोन सपाट भिंती, आणि सगळ्यावर मांजरपाट ताणून बसवला. पडद्याचं महागडं कापड आणायची गरज पडली नाही. मांजरपाटाला चकाकी नसते, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि बाजूने उभ्या माणसालाही चित्र तेवढंच दिसतं. हातमाग-यंत्रमागाच्या गल्लीत चांगला मांजरपाट ओळखणारी माणसं घराघरांत आहेत. एका काकांनी बोटांत चिमटीत धरूनच दोन तागे बाजूला केले, "हे विरळ हाय, मागचं लाकूड दिसंल."

प्रोजेक्टर समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत ठेवला, म्हणजे झोत लोकांच्या डोक्यांवरून जातो. इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या दोन पोरांनी मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कमानीचा कोपरा न् कोपरा जुळवला. आणि मूर्तीच्या आकाराचा मास्क टाकला, म्हणजे तेवढ्या जागेवर चित्र पडतच नाही. प्रोजेक्टरचा काळा पूर्ण काळा नसतो, किंचित करडा उजेड तिथे पोचतो, पण समया आणि दोन पिवळे दिवे चालू असले की तो जाणवत नाही. भिंतींवर १९३० चं सोलापूर सरकतंय आणि मधे बाप्पा आपल्या उजेडात शांत बसलेत. पहिल्या रात्री चाचणीला हे बघितलं तेव्हा मला अव्वांची आठवण झाली. त्या आल्या, हात जोडून नेहमीइतक्याच वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता गेल्या.

आता प्रोजेक्टरचे त्रास. ते लपवण्यात अर्थ नाही, आणि मोजले तर वॉलपेक्षा जास्तच निघतील.

एक, उजेड. प्रोजेक्टर अंधार तयार करू शकत नाही. कापडावर आधीच जो उजेड पडलाय, त्यापेक्षा काळं काहीही दिसणार नाही. समोरच्या दुकानाच्या ट्यूबलाइटसाठी आम्ही त्यांच्याकडे तीनदा गेलो. शेवटी त्यांनी आठ ते दहा तेवढी एक बंद ठेवली, त्यांचे उपकारच. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते, सूर्य मावळायला पावणेसात, म्हणजे सव्वासातच्या आधी काही दाखवता आलं नाही. यंदा सप्टेंबरच्या मध्यावर असल्यामुळे पंधरा मिनिटं तरी लवकर अंधार पडेल.

दोन, हादरे. शेजारच्या मंडळाची साउंड सिस्टीम गल्लीतून गेली की गॅलरीची फळी थरथरते आणि चित्र बोटभर सरकतं. कमानीची कड कापडाबाहेर गेली की जादू तिथेच संपते. दुसऱ्या वर्षी आम्ही फळी काढून लोखंडी स्टँड थेट भिंतीत बोल्टने बसवला, तेव्हापासून रोज जुळवायचं काम आठवड्यातून दोनदावर आलं.

तीन, पाखरं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस पडून गेला की संध्याकाळी पंखवाले किडे उठतात आणि सरळ झोतात शिरतात. भिंगाजवळ करंगळीच्या नखाएवढं पाखरू आलं की कमानीवर पुरुषभर उंचीची सावली फडफडते. फाशीच्या प्रसंगाला असं झालं तेव्हा लोक हसले, आणि ते मला फार लागलं. मग दहा फुटांवर एक पांढरी ट्यूब गच्चीकडे तोंड करून लावली. बरीचशी पाखरं तिकडे जातात, सगळी नाही.

चार, लाइट जाणं. पहिल्या वर्षी दिव्याचा प्रोजेक्टर होता. वीज गेली की तो गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, आणि तेवढी मिनिटं शंभर माणसं अंधारात उभी. लेझर प्रकाशाचा घेतला तर तो लगेच चालू होतो. थोडं भाडं जास्त, पण इथे काटकसर करू नका. ल्युमेन्सचा, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचा, आकडा विचाराल तेव्हा तो एएनएसआयचा, म्हणजे प्रमाण पद्धतीने मोजलेला, आहे का तेही विचारा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचे आकडे मी आता वाचतच नाही.

चित्रांबद्दल थोडं. २०२३ ला आम्ही एआयवर क्लिप बनवल्या होत्या. लांबून भारी दिसायच्या. जवळून बघाल तर शिपायाच्या हाताला सहा बोटं आणि पाटीवर कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं. हुतात्म्यांच्या बाबतीत हे करायला माझं मन तयार होईना. ज्या माणसाचा पुतळा चौकात आहे, ज्याला लोक ओळखतात, त्याचा चेहरा यंत्राने अंदाजाने काढायचा? म्हणून मग चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीकडून रेघांची चित्रं काढून घेतली, पांढरी रेघ, काळी जागा. योगायोगाने तेच मॅपिंगला सगळ्यात चांगलं दिसतं, कारण काळ्या भागातून कापड तसंच राहतं आणि रेघ हवेत काढल्यासारखी वाटते. नंतर एका वॉलवर हीच चित्रं लावून बघितली, तिथे ती रिकामी वाटली. वॉलला भरगच्च रंग लागतात.

बाकी पर्याय फार वेळ घेण्यासारखे नाहीत. व्हीआरचा चष्मा एकदा मंडपात आणून बघितला. एकाला तीन मिनिटं म्हणजे तासाला वीस माणसं, आणि घामाने भिजलेला फोम पुढच्याच्या कपाळाला. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, स्टॉलवर तिकीट लावून ठीक, मंडळात नाही. लेझर बीम, म्हणजे गर्दीवर फिरवतात ते झोत, तर नकोच. डोळ्यांना आणि मोबाइलच्या सेन्सरला दोन्हीला इजा होऊ शकते, आणि पुण्यात २०२४ ला पोलिसांनी उत्सवात त्यावर बंदीच घातली होती.

खर्चात आम्हाला वॉल दहा दिवसांना प्रोजेक्टरच्या साधारण दुप्पट पडली. पण प्लाय, कापड, स्टँड आणि पोरांच्या रात्री धरल्या तर अंतर बरंच कमी होतं. विजेत मात्र फरक मोठा. वॉलला जनरेटर ठेवावा लागला होता, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप एका चांगल्या इन्व्हर्टरवर निघतात.

तुमचं मंडळ मोठ्या रस्त्यावर असेल, समोर दुकानांचे बोर्ड रात्रभर चालू असतील, दिवसाही कार्यक्रम असतील, किंवा मॅपिंगला बसणारी दोन हौशी पोरं नसतील, तर वॉल घ्या आणि मूर्तीच्या मागे लावू नका, एका बाजूला, रांग संपते तिथे लावा. विसर्जनाला ट्रॉलीवर काही दाखवायचंच असेल तर तिथेही वॉलच चालते. अर्थात सोलापूरच्या मिरवणुकीत महिनाभर सराव केलेला लेझीमचा ताफा पुढे असताना ट्रॉलीवरच्या वॉलकडे कोण बघतं, हे मला अजून कळलेलं नाही.

गल्ली असेल, समोर गॅलरी मिळत असेल, शेजारी ऐकणारे असतील, तर एकदा प्रोजेक्टरचा विचार करावा असं मला वाटतं. आम्ही यंदाही तोच घेतोय.

बुकिंगआधी मात्र एक करा. देणाऱ्याला यंत्र घेऊन रात्री आठ वाजता तुमच्याच जागेवर बोलवा. खुर्चीवर मागच्या वर्षीची तसबीर ठेवा, मागे चादर ताणा आणि चालू करायला सांगा. फोटो काढा, त्यात देवाचा चेहरा दिसतो का बघा. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला रांगेच्या जागी उभं करून विचारा. आणि त्या वेळी समोरच्या दुकानाची ट्यूबलाइट चालूच असू द्या.