वायफाय डोंगल, ३४९ रुपये: पाचपैकी अडीच

सोलापूरच्या नवी पेठेतून घेतला, पीसीला वायफाय मिळावं म्हणून. नखाएवढा डोंगल, आणि डबीवर ठळक अक्षरात ‘फ्री ड्रायव्हर’ (ड्रायव्हर म्हणजे मशीनला तो ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर). दुकानदार म्हणाला, “ताई, नुसता खुपसा, चालू होतंय.” खुपसला. झाला नाही चालू, म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी मशीन सांगते. २००८ साली असेंबल केलेला पीसी, कोअर टू डुओ, एक जीबी रॅम, विंडोज एक्सपी. पूर्व भागातल्या चार टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी घरून बघते आणि जुनी टॅली त्यावर मजेत पळते. अडतं ते नेटवर. एक्सपीवर चालणारा शेवटचा फायरफॉक्स ५२ नंबरचा, त्याचे अपडेट २०१८ लाच संपले. वीस तारीख जवळ आली की जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायला मी भाच्याचा लॅपटॉप मागायची. तो म्हणायचा, “मावशी, नवा घे की.” चालतंय ते टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं.

शेवटी त्यानेच पेनड्राइव्हवर अँटीएक्स लिनक्स आणलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम. हे जुन्या मशीनसाठीच बनवलेलं आहे. सुरू होऊन थांबलं तेव्हा मेमरी दोनशे एमबीच्या आसपास. तरी फायरफॉक्सला एक जीबी पुरेना, म्हणून २५० रुपयांत जुनी डीडीआर-टू ची आणखी एक जीबीची पट्टी घातली. पेनड्राइव्हवरून बूट होताना अर्धा तास गेला. बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या, यादीत पेनड्राइव्ह कुठं दिसेना. तो बसला होता हार्ड डिस्कच्या पोटयादीत, दुसऱ्या नंबरवर. वर ओढला, झालं.

आता डोंगल. लावला की वायफाय दिसायच्या ऐवजी एक सीडी ड्राइव्ह दिसते! ‘फ्री ड्रायव्हर’ म्हणजे काय, तर ड्रायव्हरची सीडी डोंगलच्या पोटातच. आतला इन्स्टॉलर मागतो विंडोज ७, म्हणून एक्सपीने आधीच हात टेकले होते. लिनक्सवर ती खोटी सीडी इजेक्ट केली की डोंगल आपलं खरं रूप दाखवतो. आत निघाली ८१८८जीयू चिप, आणि तिचा ड्रायव्हर आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता. नवं कर्नल टाकायला नेट पाहिजे, नेटसाठी डोंगल पाहिजे. कोंबडी आधी का अंडं आधी!

यातून सोडवलं मोबाइलने. चार्जिंगच्या वायरने फोन पीसीला जोडला, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट वायरने पीसीला देणं) चालू केलं, आणि लिनक्सने कुठलाही ड्रायव्हर न मागता नेट घेतलं. नवं कर्नल, चिपला लागणारं फर्मवेअर आणि खोटी सीडी काढून टाकणारं यूएसबी-मोडस्विच उतरवलं. आता सीडीचं सोंग आपोआप उतरतं. तुमच्याकडे जुना पीसी असेल तर डोंगल घ्यायच्या आधी हे करून बघा, कदाचित ३४९ वाचतील. मला घ्यावाच लागला, कारण फोन दिवसभर पीसीला बांधून चालत नाही, आणि राउटर बोळापलीकडं दिरांच्या घरात.

नेट आलं तरी साइट उघडेनात. प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याची, तक्रार. मी डोंगलला शिव्या घातल्या, पण दोष त्याचा नव्हता. लाइट गेली की मशीनचं घड्याळ २००७ ला जायचं, आणि २००७ च्या हिशेबाने आजची सर्टिफिकेटं अजून जन्मलेलीच नाहीत. लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, तो बदलला. ३० रुपये. सगळ्या खरेदीत हीच मला आवडली.

वेग म्हणाल तर डबीवर १५० एमबीपीएस आहे, ते सोडून द्या. मागच्या पोर्टला लावला तर कॅबिनेटच्या पत्र्याआड सिग्नल मरतो. एक्स्टेन्शन वायरने खिडकीत टांगला तेव्हा बरा झाला. जीएसटीचं पोर्टल आणि ई-वे बिल उघडतं, तीन टॅबपर्यंत. चौथ्याला हार्ड डिस्क करकर करायला लागते. एक्सपी ठेवलाय बाजूला टॅलीपुरता, त्याला नेट दाखवतच नाही.

भाच्याकडचा एआर९२७१ चिपचा जुना डोंगल याच मशीनला लावला तर लगेच चालला. घेणार असाल तर दुकानदाराला चिप विचारा. आमच्याला सांगता आली नाही, त्याने पुन्हा डबीच दाखवली.

आणि हा तापतो लई. एप्रिलातल्या दुपारी खिडकीत टांगलेला काढायला गेले तर चटका बसला, आता वायरला धरूनच ओढते.