स्प्रिंगच्या पोटात हवा: जुन्या लँड क्रूझरमधल्या हेल्पर एअरबॅगची दोन वर्षं

आधी एक खुलासा करते. या एअरबॅगचा अपघातात स्टिअरिंगमधून फुगणाऱ्या पिशवीशी संबंध नाही. मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत बसणारं, जाड चिवट प्लास्टिकचं हे फुगवता येणारं नळकांडं. जोडीने मिळतं. प्रत्येकातून एक बारीक नळी बाहेर येते, तिच्या टोकाला टायरसारखाच व्हॉल्व्ह. गाडीवर वजन चढलं की हवा भरायची, उतरलं की काढायची. माझ्या जोडीला जास्तीत जास्त ३५ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) आणि कमीत कमी ५ पीएसआय अशी मर्यादा आहे, आणि पूर्ण दाबाला दोन्ही मिळून साधारण ४५० किलो पेलतात. दोन वर्षं वापरल्यावर लिहिते आहे. मला त्या आवडल्या आहेत. पण ज्यांनी जुनी फोर बाय फोर ट्रेलर ओढायला तयार करायला घेतली आहे, त्यांनी विकत घेण्याआधी ब्रेकबद्दलचा भाग नक्की वाचावा.

गाडी १९९४ ची लँड क्रूझर, ८० सिरीज. ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढेमागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. बाबांची गाडी. आता ती मी चालवते, पण तिच्या खाली आजही माझ्याआधी तेच शिरतात. मागे भरलेला कॅम्पर ट्रेलर, वजन १६०० किलो, त्याला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक. टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, तो १६० किलो टाकतो, म्हणजे एकूण वजनाच्या दहा टक्के.

मला वाटायचं, १६० किलो म्हणजे मागच्या सीटवर दोन माणसं जास्त बसली, एवढंच. तसं नसतं. बॉल ॲक्सलच्या डोक्यावर नाही, ॲक्सलच्या मागे साधारण १.२ मीटरवर आहे, आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २.८५ मीटर. तरफेचा हिशेब मांडला की मागच्या ॲक्सलवर १६० नाही, सुमारे २२७ किलो येतात, आणि वरचे ६७ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. त्यामुळे गाडी मागे बसते आणि नाक वर करते, स्टिअरिंग हलकं पडतं, रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यावर पहिला उपाय मी केला तो जड स्प्रिंगचा. कायम ४०० किलो सामान वाहणाऱ्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंग बसवल्या. ट्रेलर लावला की गाडी छान सपाट दिसायची. ट्रेलर सोडला की मात्र मागचा भाग दगडासारखा कडक. खडखडीत कच्च्या रस्त्यावर मागची चाकं जमिनीला टेकायलाच तयार नसत, आणि उंचसखल वाटेवर जिथे ॲक्सलने मोकळं झुलायला हवं तिथे एक चाक हवेत लटकायचं. ट्रेलरसाठी मागची स्प्रिंग कडक हवी, खडकाळ वाटेसाठी मऊ. एकाच लोखंडाकडून दोन्ही मागणं चूक होतं. म्हणून त्या काढल्या, गाडीत कायम असणाऱ्या साधारण २०० किलो सामानाला पुरतील अशा मध्यम स्प्रिंग घातल्या, गाडी ५० मिमी उंच करणाऱ्या, आणि ट्रेलरपुरती लागणारी जास्तीची ताकद हवेवर सोपवली.

बसवण्याचं काम अवघड नाही. चॅसीखाली आधार देऊन गाडी उचलायची, मागची चाकं लोंबू द्यायची, शॉकॲबचं खालचं टोक आणि अँटी-रोल बारच्या दांड्या सोडवायच्या, म्हणजे ॲक्सल पुरेसा खाली येतो. पिशवीतली हवा पिळून काढून तोंडाला टोपण लावायचं. ती चपटी राहते, मग गुंडाळून स्प्रिंगमध्ये सरकवायची. एकच गोष्ट जपायची: स्प्रिंग उंच केली असेल तर पिशवीही त्या मापाची घ्यायची. आखूड पिशवी लांब स्प्रिंगमध्ये घातली तर ती आत हलत राहते आणि कडांवर घासते.

मी मात्र हे काम वेळेअभावी एका दुकानात दिलं, आणि तिथे दोन्ही पिशव्यांच्या नळ्या एका टी-जोडाने एकत्र करून एकच व्हॉल्व्ह दिला. भरायला सोपं, म्हणाले. पहिल्याच लांब वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकली ती झुकतच गेली. कारण उघड होतं. दाबल्या गेलेल्या बाजूची हवा नळीतून आतल्या बाजूला पळत होती, म्हणजे जिथे आधार हवा तिथून तो निघून जात होता. ट्रेलर ओढायचा असेल तर दोन स्वतंत्र नळ्या आणि दोन स्वतंत्र व्हॉल्व्हच हवेत. मी घरी येऊन टी काढला. तेव्हापासून झुकणं बंद झालं.

आता मापं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट जागेवर, बाबांनी टेप धरला आणि मी लिहून घेतलं. ट्रेलरशिवाय मागे ५६० मिमी. ट्रेलर लावून, पिशव्या ५ पीएसआयवर ठेवून, ५१०. वीस पीएसआय भरल्यावर ५४०. पुढे ट्रेलरशिवाय ५४५, ट्रेलर लावल्यावर ५५७, आणि मागे हवा भरल्यावर ५५५. हा शेवटचा आकडा नीट बघा. मागून गाडी ३० मिमी वर आली, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आलेलं नाही. हवा फक्त उंची देते. पुढच्या ॲक्सलवर वजन परत ढकलायचं असेल तर वजन वाटणारी हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) वेगळी मिळते. ते काम तिचं. आणि गाडीच्या पाटीवर कंपनीने लिहिलेली एकूण वजनाची आणि ॲक्सलची मर्यादाही हवेमुळे एका किलोने वाढत नाही. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

सुरुवातीला मी २० वर थांबत नव्हते. गाडी मागून अगदी सपाट, ट्रेलर लावलाच नाही अशी दिसावी म्हणून ३० च्या वर भरायचे. दिसायला सुंदर. पण ब्रेक दाबला की नाक खाली आपटायचं, पुढचे पॅड भराभर झिजत होते, आणि उतारावर पायाखाली काहीतरी कमी आहे असं सतत वाटायचं. मी ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरशी खेळत बसले, त्याची ताकद वाढवली, कमी केली. बाबा गाडीखाली वाकले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "इकडे ये. हा दांडा बघ. हा ब्रेकला सांगतोय की गाडी रिकामी आहे."

या गाडीला मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह चॅसीवर, आणि त्याचा दांडा मागच्या ॲक्सलला जोडलेला. गाडी मागून बसली म्हणजे वजन चढलं, असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी उंच असेल तर ती रिकामी आहे असं धरून दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. त्याला किलो कळत नाहीत, फक्त उंची कळते. मी हवा भरून उंची परत आणली होती, म्हणजे २२७ किलो मागच्या ॲक्सलवर असताना व्हॉल्व्हला खोटी खबर दिली होती. त्यात ५० मिमी उंच स्प्रिंग घातल्यावर दांड्याची जुळणी पुन्हा करायला हवी होती, ती कुणीच केली नव्हती. दोन चुका एकाच दिशेने जात होत्या.

मागच्या ब्रेकचा पूर्ण वाटा न वापरता मी १६०० किलो मागे घेऊन घाट उतरत होते. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

दुरुस्ती दोन भागांत झाली. पहिला भाग, उंचीनुसार व्हॉल्व्हची बैठक हलवून जुळणी. हे डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या नळ्यांवर दाबमापक लावून, ब्रेकचं काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण जुळणी उलट बाजूला जास्त झाली तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. दुसरा भाग माझ्या हातात होता: गाडी पुन्हा कधीही पूर्ण सपाट करायची नाही. ट्रेलर लावल्यावर ती मागून २० मिमी बसलेलीच राहते. स्प्रिंग तळाला आपटत नाही, आणि व्हॉल्व्हलाही वजन चढल्याची खबर पोचते. त्यानंतर ब्रेक दाबल्यावर गाडी चारही चाकांवर एकसारखी खाली बसते. तो फरक पायाला पहिल्याच सिग्नलला कळला.

खडकाळ वाटेवर काय होतं? ट्रेलर सोडून ५ पीएसआयवर गेले की पिशव्या आहेत हे विसरायला होतं. तिरक्या खड्ड्यांत, जिथे डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक एकदम दबतं, तिथे १५ वर माझं मागचं चाक उचललं गेलं होतं आणि ५ वर ते जमिनीवर राहिलं. माझ्या गाडीत फक्त मधलं डिफ लॉक आहे, म्हणजे पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र बांधणारं; मागच्या ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर नाही, त्यामुळे चाक जमिनीवर असणं मला फार मोलाचं. ट्रेलरसकट खराब वाट असेल तर १० वर ठेवते आणि हळू जाते. पिशवी पूर्ण रिकामी मात्र ठेवू नये. ती दुमडते आणि घडीवर चिरते.

गळतीचा एकच प्रसंग. डावी बाजू रात्रीतून ८ पीएसआय उतरायची. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे जोडापाशी दिसले, पिशवी धडधाकट होती. नळी तिरकी कापली गेली होती. धारदार पात्याने काटकोनात कापून पुन्हा बसवली, झालं. नळी एक्झॉस्टपासून निदान वीतभर लांब न्या. आणि दाब मोजताना लक्षात घ्या, पिशवीत हवा थोडीच असते, गेज लावला की एकदोन पीएसआय त्यातच जातात. मी मोजण्याआधी दोन जास्त भरते. चिखलातून आल्यावर स्प्रिंगच्या आत पाण्याचा फवारा मारते. अडकलेला खडा पिशवीला पंक्चरपेक्षा हळू, पण नक्की मारतो.

ट्रेलर डोलत असेल तर मात्र पिशव्यांकडे वळू नका. माझा एकदा डोलला, कारण पाण्याचे कॅन आणि जादा चाक मी ट्रेलरच्या मागच्या टोकाला बांधलं होतं आणि बॉलवर फक्त ७० किलो उरले होते. सामान ॲक्सलजवळ आणल्यावर तो शांत झाला. हवेने तो दोष झाकला गेला असता, मिटला नसता.

याच काळात केलेल्या आणखी दोन कामांचा उल्लेख करते, कारण त्यांच्याशिवाय एअरबॅगचा पैसा अर्धा वाया गेला असता. गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर लावला. लांब चढावर तेल १२० अंशांपर्यंत जायचं, आता ९५ च्या आत राहतं. पुढून गाडी उंच केल्यामुळे कॅस्टर (स्टिअरिंगला सरळ परत आणणारा पुढच्या चाकांचा कल) कमी झाला होता आणि स्टिअरिंग सरळ परत येत नव्हतं, तेही ॲक्सलच्या दांड्यांमधले रबरी बुश बदलून सुधारलं. ट्रेलर लावल्यावर पुढचं वजन आधीच कमी होतं, तेव्हा हे टाळू नका.

कॉइल स्प्रिंगची गाडी, अधूनमधून ट्रेलर, बाकी वेळ कच्च्या वाटा, असं असेल तर ही जोडी घ्या. वर्षभर रोज वजन ओढणार असाल तर योग्य जड स्प्रिंगच बऱ्या. कॉइलऐवजी पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंग असलेल्या गाडीला लागणाऱ्या पिशव्या वेगळ्या असतात. त्या चॅसीला एका ठिकाणी रेटतात, कॉइलच्या आतली पिशवी मात्र स्प्रिंगच्याच बैठकीवर भार देते. त्यामुळे इथला अनुभव तिकडे लावू नका.

माझ्या डिझेलच्या झाकणाच्या आत एक चिकटपट्टी आहे: रिकामी ५, खराब वाट १०, ट्रेलर २०. खाली बाबांच्या अक्षरात एक ओळ आहे, "दांडा बघितला का?"