पद्मिनी की अँबॅसिडर? जुनी गाडी दारात आणण्याआधी

सिग्नलला शेजारी जुनी गाडी येऊन थांबली की मान आपोआप वळते, तिथवर काहीच खर्च नाही. खर्च सुरू होतो तो आरसी बुकावर आपलं नाव लावायचं ठरवल्यावर. महाराष्ट्रात असं ठरवणारा माणूस फिरून फिरून दोनच नावांपाशी येतो: प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडर. स्टँडर्ड हेराल्ड देखणी असते, पण तिचे सुटे भाग शोधायला निवृत्तीनंतरचा वेळ आणि चिकाटी हवी. ती सध्या बाजूला ठेवू.

आधी गाडी ओळखता आली पाहिजे, कारण विकणाऱ्यांच्या तोंडी प्रत्येक फियाट (पद्मिनी मूळची फियाटच) ‘साठ सालची’च असते. पुढची दारं उलटी उघडणारी, गोल पाठीची ती पन्नासच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’. मागे बारीक पंख असलेली चौकोनी बांध्याची ‘डिलाइट’ १९६४ पासूनची, आणि १९७४ पासून तीच थोड्याफार फरकाने पद्मिनी झाली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनत. अँबॅसिडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची, मूळ साचा मॉरिस ऑक्सफर्डचा. तिचं वय पुढच्या जाळीवरून कळतं. बारीक चौकटी असतील तर मार्क टू, आडव्या पट्ट्या असतील तर १९७५ नंतरची मार्क थ्री. अर्थात जाळी बदलायला तासभरही लागत नाही, म्हणून शेवटी आरसी बुकातलं साल वाचायचं.

आता चालवण्याचं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, पण गाडी हलकी, त्यामुळे गल्लीबोळात अंगाबरोबर फिरते. जुन्या अँबॅसिडरचं इंजिन १४८९ सीसीचं, वजन मात्र टनाच्या वर, म्हणून मोठं इंजिन म्हणजे जास्त पळणारी गाडी असा हिशोब इथे लागू पडत नाही. चारी चाकांना ड्रम ब्रेक, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढे सलग सीट: ही दोघींची सामायिक इस्टेट. नव्वदच्या दशकातली अँबॅसिडर १८०० आयएसझेड मात्र वेगळ्या जातीची. जपानी इसुझू कंपनीचं १८१७ सीसी इंजिन, ७५ अश्वशक्ती, पाच गिअर आणि तेही खाली जमिनीवर. शौकीन मंडळी तिला ‘खरी अँबी’ मानत नाहीत. मला कोल्हापूरला जायचं असेल तर मी तीच काढेन.

घाटात दोघीही तापतात. व्हेपर लॉक होऊन, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडून चहा प्यायचा, हा जुन्या खंडाळा घाटातला ठरलेला कार्यक्रम होता. यात पद्मिनी जास्त नाजूक. तिचं सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचं, एकदा बेफाम तापलं की वाकतं आणि मग पाणी तेलात. घेताना ऑइल फिलरचं झाकण उघडून आतून पाहा. साय धरल्यासारखा फेस दिसला तर नमस्कार करून निघा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब होतो. गाडी कुठलीही घ्या, हे आधी बदलायचं.

दोघींनाही वेगळी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून तळाचा पत्रा सडला तर ते डेंटिंगचं काम राहत नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या खाऱ्या हवेतली गाडी असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा. दाराखालच्या पट्टीला ते चिकटलं नाही, तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे.

सुट्या भागांचा प्रश्न लोक समजतात तितका सोपा नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे मुंबईत पद्मिनीचा प्रत्येक स्क्रू मिळायचा. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. तिच्यासोबत टॅक्सीचे मिस्त्रीही कमी होत चाललेत. अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती, तिचे भाग अजून ताजे आहेत. इथे नाही मिळाले तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून मागवता येतात.

कागदांचं थोडक्यात: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढीच मुभा. रविवारी फिरवायची असेल तर साधी नोंदणी चालू असलेलीच शोधा. एमएच सुरू होण्याआधीचा जुना नंबर शाबूत असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

राहिला आठवणींचा भाग, आणि निर्णय खरा इथेच फसतो. डॉक्टर, प्राध्यापक, वकील यांच्या दारात फियाट. कलेक्टर, आमदार आणि साखर कारखान्याचे चेअरमन यांच्याकडे पांढरी अँबॅसिडर. आमच्याकडे पद्मिनी होती, मामांकडे अँबॅसिडर, आणि सुट्टीत आम्ही सात-आठ भावंडं तिच्यात कोंबून बसायचो. पण त्या साऱ्या आठवणी मागच्या सीटवरच्या. जड स्टिअरिंग, लांबवर दाबावे लागणारे ब्रेक, क्लचने दुखणारा गुडघा हे सगळं पुढे बसलेल्या बाबांच्या वाट्याला होतं. त्यांनी त्याबद्दल कधी सांगितलं नाही, म्हणून आपल्याला ती गाडी मऊ वाटते. तेव्हा ओळखीतल्या कुणाची तरी गाडी मागून अर्धा तास भर दुपारी ट्रॅफिकमध्ये चालवा.

एवढ्यावरही इच्छा शाबूत राहिली तर माझं मत असं: मुंबई-पुण्यात राहता, पार्किंग बेताचं आहे आणि जुना टॅक्सी मिस्त्री ओळखीचा आहे, तर पद्मिनी. घर मोठं, गावाकडे येणं-जाणं नेहमीचं, तर अँबॅसिडर, आणि तीही पेट्रोलची आयएसझेड. नुसती अंगणात मिरवायची असेल तर मार्क टू, पण तिचा पत्रा आधी तपासून घ्या. गाडी बघायला सकाळी लवकर, इंजिन थंड असतानाच जा. ‘तुमच्यासाठी आत्ताच गरम करून ठेवली’ असं कुणी म्हणालं, तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा.