शोधलेखन शिकवायला चॅटबॉट की कॉर्पस?

पीएच.डी. कोर्सवर्कला इंग्रजी शोधलेखन शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर हल्ली एक प्रश्न असतो: मुलांना चॅटजीपीटी वापरू द्यायचं का? कॉर्पस हाही एक पर्याय आहे, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. कॉर्पस म्हणजे खऱ्या लेखनाचा शोधता येणारा साठा. एखादा शब्द टाकला की तो जिथे जिथे आला आहे त्या ओळी एकाखाली एक दिसतात आणि शब्द बरोबर मधोमध असतो. मी दोन्ही वापरते. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, ‘दीज एव्हिडन्सेस मे इंडिकेट...’ मराठीत पुरावा-पुरावे होतं, म्हणून त्यानं इंग्रजीतही तसंच केलं. चॅटबॉटनं दोन सेकंदांत ‘एव्हिडन्स’ केलं आणि हे नाम इंग्रजीत मोजत नाहीत, असंही समजावलं. इतक्या शांतपणे मी तरी दहाव्या वेळी सांगत नाही! पण त्याच फटक्यात त्यानं ‘मे इंडिकेट’चं ‘डेमॉन्स्ट्रेट्स’ करून टाकलं. साठ शेतकऱ्यांच्या पाहणीवरून ‘असं असावं’ म्हणणारा मुलगा एकदम ‘असं सिद्ध होतं’ म्हणू लागला. वाक्य सफाईदार झालं होतं, त्यामुळे त्याला बदल जाणवलाच नाही. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमकं हेच वाक्य काढतात.

‘एव्हिडन्स’ हाच शब्द आम्ही वर्गात मिकस्प या कॉर्पसमध्ये शोधला. मिशिगन विद्यापीठातल्या वरच्या वर्गांच्या मुलांच्या, ‘ए’ श्रेणी मिळालेल्या 829 निबंधांचा हा साठा आहे. सुमारे 26 लाख शब्दांचा, आणि फुकट. ‘एव्हिडन्स दॅट’, ‘एव्हिडन्स फॉर’, ‘लिटल एव्हिडन्स’ अशा ओळी दिसू लागल्या. मुलांनी त्या वहीत उतरवल्या. मग एकीनं ‘एव्हिडन्सेस’ टाकून बघितलं आणि ओरडली, “मॅडम, आहे की इथे!” होतं खरं, पण क्रियापद म्हणून. हे त्यांचं त्यांना कळायला पाऊण तास गेला. कॉर्पसची खरी किंमत हा पाऊण तास आहे, आणि चाळीस मुलांच्या वर्गात ती परवडत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या टिम जॉन्स यांनी हीच पद्धत रुजवली: भाषेचा नियम मुलांनी ओळींमधून स्वतः शोधून काढायचा. तिला लहान वर्ग लागतो, हेही लक्षात ठेवावं.

खर्चाचा फरक फारसा नाही. अँटकाँक हे कॉर्पसमध्ये शब्द शोधून देणारं लॉरेन्स अँथनी यांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. लॅबमधलं नेट ऐन तासाला जातं तिथे हा गुण मोठाच. शिवाय अप्रकाशित प्रबंध कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. विषयातले चांगल्या जर्नलमधले तीसेक लेख टेक्स्ट फाइलमध्ये घालायचे की झाला आपला कॉर्पस. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातले, प्रबंध मात्र डोळे मिटून घालू नका, नाहीतर आपल्याच चुकांना बहुमत मिळेल.

भारतीय इंग्रजी आणि चूक यांतली रेघ कुठे ओढायची हा वाद निघाला, तर आपल्याकडे जुना आधार आहे: शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकारानं झालेला कोल्हापूर कॉर्पस. 1978 सालचा मजकूर, दहा लाख शब्द. आजच्या शोधलेखनासाठी तो जुना झाला, पण वाद मिटवायला बरा.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांचं गणित वेगळं. चॅटबॉटचं मराठी पुष्कळदा ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ आणि ‘अधोरेखित करते’ यांच्यात अडकलेलं असतं. त्यापेक्षा ऑनलाइन मराठी विश्वकोशातल्या आपल्या विषयाच्या नोंदी अँटकाँकमध्ये घालून ‘पुराव*’ शोधा. पुरावा, पुरावे, पुराव्यांनी सगळं एकदम येतं आणि पुरावा ‘मिळतो’ की ‘आढळतो’ हे दिसतं. त्याआधी टोकनच्या (म्हणजे शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये काना-मात्रा शब्दाचा भाग धरल्या आहेत ना, ते बघा. नसतील तर शब्दाचे तुकडे पडतात.

चॅटबॉटनं दिलेल्या संदर्भांबद्दल काय बोलायचं? असा संदर्भ खरोखर आहे ना, हे एकेक उघडून बघायचं. आणि एआय-लेखन पकडणाऱ्या डिटेक्टरच्या भरवशावर कुणाला दोषी ठरवू नका. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले, तेव्हा परभाषिकांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निम्म्याहून अधिक निबंध सरासरी ‘एआयचे’ ठरले होते. आपली मुलं त्याच गटात मोडतात.

एम.ए.चा मोठा वर्ग आणि हातात सहा आठवडे असतील, तर चॅटबॉट घ्या. अट एकच: ‘दुरुस्त करून दे’ म्हणायचं नाही, ‘चूक कुठे ते दाखव, वाक्य मी बदलेन’ म्हणायचं. आठ-दहा संशोधक विद्यार्थी आणि पूर्ण सत्र असेल, तर मी आधी कॉर्पस घेईन आणि चॅटबॉट दिवाळीनंतर. तोवर ‘मे’ कुठून गायब झाला हे त्यांचं त्यांना दिसायला लागतं.