कॅम्पर व्हॅनला निरोप: अख्खी विकावी, उतरवून विकावी की भंगारात द्यावी?

घरच्या घरी कॅम्पर (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) केलेली ओम्नी, ईको किंवा ट्रॅव्हलर काढायची ठरली की बोलणं थेट किमतीवर येतं. आधी आरसी काढून बघा. नोंदणीची किती वर्षं उरलीत आणि सीट किती लिहिल्यात, या दोन नोंदींवरून तीनपैकी कोणता रस्ता खुला आहे ते कळतं. खालचं सगळं पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीबद्दल आहे. पिवळ्या पाटीचं गणित वेगळं.

अख्खी विकणं

पैसे इथेच जास्त, पण गिऱ्हाईक मोजकं. ओटा, कपाटं, सोलर यांची किंमत फक्त फिरणारा माणूस देतो. जुन्या गाड्यांचा डीलर उलट ते उतरवायचा खर्च धरून भाव पाडतो.

घोडं अडतं ते कागदावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचना बदलायला आरटीओची परवानगी लागते. आरसीवर 8 सीट आणि गाडीत दोन सीट नि एक पलंग असेल, तर नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकते आणि अपघातानंतर विमा कंपनीला क्लेम अडवायला निमित्त मिळतं. बदल आरसीवर चढलेला असेल तरच या रस्त्याने जा. नसेल तर जाणकार गिऱ्हाईक तेवढ्यावरच भाव पाडेल, आणि अजाण गिऱ्हाईक सहा महिन्यांनी भांडायला येईल.

गिऱ्हाईक पहिल्यांदा बॅटरी आणि छत बघतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज फसवं असतं: अर्धी भरलेली असो की पाऊण, मीटर 13.2 च्या आसपासच दाखवतो. म्हणून लोड लावून दाखवा. 12.8 व्होल्ट, 100 एएच (अँपिअर-तास) म्हणजे 1280 वॉट-तास. पूर्ण चार्जवर 100 वॉटचा लोड साडेबारा तासांच्या आसपास चालला तर बॅटरी नव्यासारखी. 9 तासांत तुटला तर 70 टक्के उरली, आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगा.

छताला पंखा बसवला असेल तर 14 इंची चौकोनी भोक पाडलेलं असतं. त्याच्या कोपऱ्यातलं सीलंट उन्हाने तडकतं, पाणी आतल्या फोममध्ये जिरतं आणि प्लायवुडमागे गंज धरतो. बाहेरून रंग चकचकीत असतो. आतून कोपऱ्यातला प्लाय अंगठ्याने दाबा: मऊ लागला तर तो तुकडा काढून मागचा पत्रा बघा. कोकणात वाढलेल्या गाडीत हा पत्रा कधी कधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाखाली पापडासारखा मोडतो. असं असेल तर अख्खी विकायचा विचार सोडा.

सामान उतरवून रिकामी गाडी विकणं

मेहनत सगळ्यात जास्त, पण बहुतेक घरगुती कॅम्परसाठी आमच्या मते हाच व्यवहार्य मार्ग. गाडी आणि सामान यांचे बाजार वेगळे: गाडी भाजीवाल्याला किंवा केटरिंगवाल्याला जाते, पॅनेल-बॅटरी शेतघरावर. अट एकच, मूळ सीट आणि बेल्ट जपून ठेवलेले हवेत. ते आधीच भंगारात गेले असतील तर जुन्या बाजारात जोडी शोधण्यातच नफ्याचा मोठा भाग जातो.

काढताना क्रम चुकवू नका. पॅनेलवर जाड गोधडी टाका, पॅनेलच्या वायरी चार्ज कंट्रोलरमधून (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधली पेटी) सोडवा, मगच बॅटरी. उलटं केलंत आणि वर ऊन असलं, तर पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीचा आधार नसलेल्या कंट्रोलरवर येतं आणि तो जळू शकतो. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. छताला पीयू सीलंटने चिकटवलेलं पॅनेल पहारीने उचकटू नका, काच तडकते आणि पत्राही वाकतो. गिटारची जुनी तार दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधून खालून करवतीसारखी ओढा.

तळाच्या बोल्टांची भोकं घासून त्यांना झिंक प्रायमर मारा, मग सीलंट भरा. छताचं 14 इंची भोक मात्र सीलंटने भागत नाही, तिथे पत्राच वेल्ड करावा लागतो.

भंगार

चासीलाच गंज असेल किंवा नूतनीकरण परवडत नसेल तर. 15 वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी फॉर्म 25 भरून, तपासणी करून, एका वेळी 5 वर्षं वाढते. 2022 पासून हलक्या गाडीला नूतनीकरणाचं शुल्क 5,000 रुपये आहे. 2025 च्या बदलानंतर 20 वर्षांपुढच्या गाडीला 10,000. वर पर्यावरण कर, शिवाय एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी नंबरप्लेट. (15 वर्षं झाली म्हणजे गाडी मोडायलाच हवी, हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरलेला. महाराष्ट्रात खासगी गाडीला तशी सक्ती नाही.)

नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. गल्लीतला भंगारवाला रोख देतो, पण तुमच्या नावावरची आरसी तशीच जिवंत राहते. केंद्र सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतं. नवी खासगी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि करात सूट मिळते. केंद्र सरकारच्या नियमात ही सूट 25 टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष दर राज्य ठरवतं. भाव लोखंडाच्या वजनावर ठरतो, प्लाय-फोमचे पैसे येत नाहीत, म्हणून सामान आधी उतरवाच.

विकलीत तर हे चुकवू नका

मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून कुणाला देऊ नका. आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. अधिकृत डीलरला गाडी देत असाल तर फॉर्म 29सी ची (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) नोंद सरकारी वाहन पोर्टलवर झालेली बघूनच किल्ली द्या. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो: विमा कंपनीकडून पत्र घ्या, ते 3 वर्षं चालतं. फास्टॅग बंद करा. गॅस सिलिंडर गाडीसोबत देऊ नका.

डॅशबोर्डवरचा गणपती बहुतेक लोक सगळ्यात शेवटी काढतात. तो दुहेरी टेपने चिकटवलेला असतो. ओढलात तर प्लॅस्टिकचा पापुद्रा सोबत येतो. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा आणि खालून दोरा फिरवा.