अडकलेला बल्ब: रबरी हातमोजा की पक्कड?

आपल्याकडचे बरेचसे होल्डर २२ मिमीचे, दोन पिनांचे. त्यात बल्ब आधी आत दाबायचा, मग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. न दाबता नुसता पिळत बसलात तर पिना खाचेतून सुटणारच नाहीत. पण गॅलरीत पावसाची झड खाऊन गंजलेला होल्डर खरोखरच बल्ब धरून ठेवतो.

अशा वेळी माझी पहिली पसंती भांडी घासायच्या रबरी मोज्याला. काचेवर घामट बोटं सटकतात, रबर सटकत नाही. बल्ब दाबून धरायचा आणि हळूहळू मागे-पुढे हलवत राहायचं. गंज करकरत सुटतो.

पक्कड काचेला लावूच नका, फुटेल. तिची खरी पाळी येते ती बल्ब निखळून हातात आला आणि धातूची टोपी वरच अडकली तर. (एलईडी बल्बला ही खोड आहेच.) तेव्हा लांब तोंडाच्या पकडीने टोपीची कड आत मुडपायची, दाबायची, फिरवायची. जोर जास्त झाला की बॅकेलाइटचा (कडक, ठिसूळ प्लास्टिकचा) होल्डर तडकतो. माझा तडकला.

काहीही वापरा, आधी मेन स्विच बंद करा. वायरिंग उलटं असेल, म्हणजे बटण करंट येणाऱ्या तारेऐवजी परतीच्या तारेवर असेल, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो.