मारुती 800 ला लोकल डिस्ट्रिब्युटर: उन्हाळा पास, पावसाळा नापास

हा अनुभव मे महिन्यात लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. आता श्रावण चालू आहे आणि डोकं तापलंय, म्हणून तीन. त्यातलाही एक मिस्त्रीचा.

गाडी 1997 ची, कार्ब्युरेटरवाली. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीचा करंट वेळेवर वाटणारा डबा. आमचं जुन्या पद्धतीचं, पॉइंट-कंडेन्सरवालं, म्हणजे आतल्या पॉइंटच्या उघडझापेवर ठिणगी पाडणारं. 2022 मध्ये आरसी रिन्यूअलला पाच हजार मोजलेत, त्यामुळे ते वसूल होईपर्यंत गाडी विकायचा विषय घरात काढायचा नाही, असं ठरलंय.

जुन्या डिस्ट्रिब्युटरचं दुखणं असं: चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना झटके, पिकअप गायब, आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मिसिंग, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकणं. तीनच सिलिंडर, त्यातला एक रुसला की स्टिअरिंगसकट सगळी गाडी थरथरते. पहिल्या गॅरेजवाल्यानं कॉइल बदलली. फरक शून्य. मग प्लग आणि वायरी. तरी शून्य. मग म्हणे, कार्ब्युरेटर उघडावा लागेल. तिथून गाडी काढली आणि जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली.

त्यांनी एकाही पार्टचं नाव घेतलं नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, आतला फिरता रोटर उपसला, त्याखालच्या शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवलं. खट्‌खट्. "भाऊ, कॉइल चांगली शे. हाऊ शाफ्टच हालस." शाफ्टला धरून ठेवणारा बुश झिजलेला. पॉइंटचा गॅप फिलर गेजनं 0.4 मि.मी. लावा की अजून काही लावा, शाफ्टच डुलत असेल तर कॅमच्या प्रत्येक उंचवट्याला गॅप वेगळा पडतो आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, वेगळं होतं. मग डिस्ट्रिब्युटरला लागणारी व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढायला सांगितलं. नळीमागचा रबरी पडदा शाबूत असेल तर आतली प्लेट सरकते आणि जीभ नळीवर दाबून धरली की तिथंच थांबते. आमची हललीच नाही. म्हणजे बुशही गेला, पडदाही गेला. दोन्ही दुरुस्त करत बसण्यापेक्षा पूर्ण नग बदलणं परवडणार होतं. कंपनीचा मिळेना, लोकल निम्म्याहून कमी पैशात मिळाला.

बसवणं तसं अवघड नाही, फक्त घाई नको. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणायचा, रोटरचं तोंड कुठं आहे तिथं बॉडीवर खूण करायची, मगच बोल्ट सोडायचा. थोडं ऑइल सांडतं, खाली चिंधी ठेवा. गिअरचे दात तिरपे असल्यानं नवा नग आत उतरताना रोटर थोडा फिरतो, तेवढा हिशोब धरून आधीच मागे ठेवायचा. वायरी 1-3-2 या क्रमानंच. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तर गाडी कार्ब्युरेटरमधून फटाके फोडते. शेवटी टायमिंग लाइट लावून बॉडी जराशी फिरवायची आणि बोल्ट आवळायचा.

आणि काय सांगू, गाडी पोरासारखी पळायला लागली! भर वैशाखात, जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, यावल-फैजपूर-रावेर सगळं फिरून आलो. गरम होऊन बंद पडणं नाही, घाटात झटके नाहीत, पेट्रोलचा खर्चही आटोक्यात. तेव्हा भेटेल त्याला सांगत होतो, लोकल घ्या, डोळे झाकून घ्या.

मग पाऊस आला, आणि कॅपच्या क्लिपा समजल्या.

हो, क्लिपा. कॅप धरून ठेवणाऱ्या त्या दोन पत्र्याच्या पट्ट्या. जुन्या नगाच्या उघडायला स्क्रूड्रायव्हर घालावा लागायचा, नव्याच्या नखानं निघतात. एक तर खाचेत नीट बसतच नाही. कॅप कडेला किंचित उचललेली राहते आणि रात्रभर भिजट हवा आत. सकाळी स्टार्टर फिरतोय, बॅटरी रडतेय, गाडी ढिम्म. कॅप उघडली तर आत बारीक दवबिंदू, आणि दोन टर्मिनलच्या मधोमध पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ. करंटनं प्लगकडे जायचं सोडून तो आडवा रस्ता धरलेला. ओल फडक्यानं पुसली जाते, ही रेघ मात्र जात नाही. अशी रेघ पडली की कॅप फेकायचीच.

दुकानदाराकडे गेलो. "इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नाही." म्हटलं, क्लिप इलेक्ट्रिक कधीपासून झाली? पत्रा आहे तो! तर म्हणाला, सुटी क्लिप येत नाही, पूर्ण नग घ्या. म्हणजे चार आण्याच्या पत्र्यासाठी परत सगळे पैसे. बरीच वादावादी झाली. शेवटी कॅप तेवढी अर्ध्या पैशात दिली, तेही उपकार केल्यासारखं तोंड करून.

मिस्त्रींनी जुन्या बॉडीच्या क्लिपा काढून नव्याला बसवल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता कॅप अशी आवळून बसते की उघडताना बोट सोलतं. त्यानंतर भुसावळपर्यंत धो-धो पावसात जाऊन आलो, एकदाही मिसिंग नाही.

घ्यायचंच असेल तर मशीन ठीक आहे: बुश टाइट, पॉइंटची काळं पडण्याची तक्रार अजून नाही. पण काउंटरवरच कॅप लावून बघा. क्लिप नखानं निघाली तर तिथल्या तिथं दुसरा नग मागा. आणि जुनं डिस्ट्रिब्युटर मिस्त्रीकडे सोडून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा.